दर शुक्रवारी मरणारं टोकन: ‘इनव्हॅलिड ग्रँट’ची वेळ कशी वाचायची

लक्षण आधी सांगते. पायथनमध्ये लिहिलेली एक छोटी सेवा आहे, गूगलची ऑथ लायब्ररी (खात्यात शिरायची परवानगी सांभाळणारा तयार कोड) वापरणारी. आठवडाभर बिनतक्रार चालते आणि मग एका सकाळी लॉगमध्ये येतं: ‘रिफ्रेशएरर: इनव्हॅलिड ग्रँट, टोकन हॅज बीन एक्स्पायर्ड ऑर रिव्होक्ड’. म्हणजे खात्यात शिरायचा डिजिटल परवाना, टोकन, संपला किंवा रद्द झाला. पुन्हा लॉगिन करून दिलं की लगेच सुरू. पुढच्या आठवड्यात परत तेच रडगाणं.

सेवा मांद्र्याच्या एका पाच खोल्यांच्या गेस्ट हाऊसची. बुकिंगचे मेल वाचायचे, तारखा कॅलेंडरमध्ये टाकायच्या आणि पाहुण्यांच्या पासपोर्टच्या प्रती ड्राइव्हवरच्या फोल्डरात ठेवायच्या, एवढंच तिचं काम. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते, त्यामुळे त्या प्रती वेळेवर हव्याच. अकाउंट गेस्ट हाऊसच्या मालकीणबाईंचं. आम्ही सगळे त्यांना काकी म्हणतो. टोकन मेलं की आम्हाला अलर्ट येण्याआधी काकींचा फोन येतो, “अगं, तुझं ते यंत्र परत रुसलं गो.”

आमचं ऑफिस म्हापशात, बाजाराच्या अगदी जवळ. आणि बिघाड होई तो नेमका शुक्रवारी. शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. त्या दिवशी खाली स्कूटर लावायला जागा नसते आणि आमचं ब्रॉडबँडही त्या गर्दीत गुदमरतं असा आमचा पक्का समज. पहिले दोन आठवडे आम्ही निवांतपणे बाजाराला दोष दिला. तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडच्या नव्या मुलाने विचारलं, “ताई, पण सर्व्हर तर मुंबईच्या रीजनमध्ये आहे ना? त्याला आपल्या बाजाराचं काय?”

मग मी वहीत वेळा लिहून काढल्या. पहिला शुक्रवार: सेवा बंद ९:४०ला, काकींनी पुन्हा लॉगिन केलं १०:२५ला. दुसरा शुक्रवार: बंद ११:०५, लॉगिन ११:५०. तिसरा शुक्रवार: बंद १२:३५, आणि लॉगिन थेट चार वाजता, कारण एक ते चार काकी कुणाचा फोन घेत नाहीत.

हे तीन आकडे बघितल्यावर उत्तर जवळजवळ सापडलंच. बिघाड एखाद्या क्रॉनमुळे, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामामुळे, असता तर दर शुक्रवारी एकाच वेळी झाला असता. इथे वेळ पुढे पुढे सरकत होती आणि दर वेळी मागच्या लॉगिनला धरून सरकत होती: लॉगिनपासून ७ दिवस, वर पाऊणएक तास. ते वरचं पाऊण तास का, तेही सांगते, कारण तिथेच अनेकांचा गोंधळ होतो.

काकी आम्हाला पासवर्ड देत नाहीत. त्या गूगलच्या पानावर संमती देतात आणि आमच्या हातात दोन वस्तू येतात. रिफ्रेश टोकन म्हणजे मुखत्यारपत्र. ते कपाटात ठेवायचं. ॲक्सेस टोकन म्हणजे त्या मुखत्यारपत्रावर मिळणारी तासाभराची चिठ्ठी, ३६०० सेकंदांची. प्रत्येक कामाला लायब्ररी चिठ्ठी दाखवते आणि चिठ्ठी संपत आली की मुखत्यारपत्र दाखवून नवी आणते. पायथनची लायब्ररी ३ मिनिटं ४५ सेकंद आधीच चिठ्ठी संपली असं धरते, म्हणजे वाटेत मुदत संपायला नको. आता मुखत्यारपत्र रद्द झालं तरी हातातली चिठ्ठी काही वेळ चालू शकते, आणि लायब्ररी नवी चिठ्ठी मागायला जाते तेव्हाच बोंब होते. रिफ्रेश टोकन मेलं आणि ते तुम्हाला कळलं यात म्हणूनच तासाभरापर्यंत अंतर पडतं. लॉगमधली वेळ ही अंत्ययात्रेची वेळ, मृत्यू त्याआधीचा.

एरर काय सांगतो आणि काय लपवतो

पासवर्ड न देता अशी संमती देण्याची पद्धत म्हणजे ओऑथ २.०. तिचं मूळ स्पेसिफिकेशन म्हणजे आरएफसी ६७४९, ऑक्टोबर २०१२चं. त्यात ‘इनव्हॅलिड ग्रँट’ची व्याख्या एका वाक्यात आहे आणि त्या वाक्यात पाच कारणं कोंबलेली आहेत: ग्रँट (मिळालेली संमती) किंवा रिफ्रेश टोकन चुकीचं आहे, त्याची मुदत संपली आहे, ते रद्द केलं आहे, रीडायरेक्टचा (संमतीनंतर परत यायचा) पत्ता जुळत नाही, किंवा ते दुसऱ्याच क्लायंटला, म्हणजे ॲपला, दिलेलं होतं. यातलं कुठलं, ते सांगायला सर्व्हर बांधील नाही. वाण्याने बिलावर नुसतं ‘किरकोळ’ लिहावं तसा हा एरर.

म्हणून एररच्या मजकुरावर तास घालवण्यात अर्थ नाही, असं माझं मत झालं आहे. त्याऐवजी एक आकडा हवा: संमती दिल्यापासून मरेपर्यंत किती वेळ गेला. तासभर, साडेसहा तास, सात दिवस, सहा महिने, की कुठलाच ठरावीक काळ नाही? प्रत्येकाचा रोग वेगळा. हा आकडा काढता यायचा तर टोकन साठवताना त्याच्या शेजारी ‘संमती कधी मिळाली’ आणि ‘शेवटचं यशस्वी रिफ्रेश कधी’ या दोन वेळा साठवलेल्या हव्यात. आमच्या टेबलात त्या नव्हत्या. लॉगिनची वेळ मी काकींच्या कॉल-लॉगवरून काढली. आता दोन्ही कॉलम आहेत. टोकन स्वतः लॉगमध्ये छापू नका. ओळख पटवायला त्याच्या हॅशची (टोकनवरून काढलेल्या, पण टोकन न उघड करणाऱ्या खुणेची) शेवटची सहा अक्षरं पुरतात.

सात दिवस

हे सगळ्यात जास्त वेळा दिसतं, आणि आमचं शुक्रवारचं दुखणं हेच होतं. गूगल क्लाउडच्या कन्सोलमध्ये ॲपचा वापरकर्ता-प्रकार ‘एक्स्टर्नल’ आणि प्रकाशनाची स्थिती ‘टेस्टिंग’ असेल, तर त्या ॲपला मिळालेलं रिफ्रेश टोकन ७ दिवसांनी संपतं. फक्त नाव, ईमेल, प्रोफाइल एवढेच स्कोप (परवानग्या) मागितले असतील तर ही अट नाही. जीमेल किंवा कॅलेंडर मागितलं की आहे. हे कागदपत्रांत लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. आम्ही वाचलं नव्हतं, इतकंच.

उपाय: ‘ऑडियन्स’च्या पानावर जाऊन ॲप ‘इन प्रॉडक्शन’ करा. पडताळणी झालेली नसतानाही हे करता येतं. मग संमतीच्या वेळी वापरणाऱ्याला ‘हे ॲप पडताळलेलं नाही’ असा इशारा दिसतो आणि एकूण १०० वापरकर्त्यांची मर्यादा राहते. हातावर मोजण्याइतके, ओळखीचे लोक वापरणार असतील तर तेवढं पुरतं. मेल वाचण्याचा स्कोप हा कडक गटातला आहे, तेव्हा उद्या पन्नास गेस्ट हाऊस जोडायचा विचार असेल तर पडताळणीची तयारी आजच सुरू करा. त्यात सुरक्षा-तपासणीचीही पायरी येऊ शकते. गिऱ्हाइकाकडे स्वतःच्या डोमेनचं वर्कस्पेस (गूगलची संस्थांसाठीची सेवा) असेल तर ॲप त्याच संस्थेच्या प्रोजेक्टात ‘इंटर्नल’ ठेवा, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

आणि एक गोष्ट आम्हाला आणखी एक शुक्रवार भोगायला लावून गेली. स्थिती बदलली, चहा घेतला, खूश झालो, आणि पुढच्या शुक्रवारी टोकन पुन्हा मेलं. टेस्टिंगमध्ये असताना मिळालेलं टोकन आपली जुनी मुदत घेऊनच फिरत होतं. स्थिती बदलल्यावर एकदा नव्याने संमती घ्यायलाच हवी.

एक तास

ती नवी संमती घेतली आणि सेवा बरोब्बर तासाभराने बंद पडली. या वेळी एरर वेगळा होता: रिफ्रेश करायला लागणारी माहितीच क्रेडेन्शियल्समध्ये (लायब्ररीच्या टोकनांच्या पाकिटात) नाही, रिफ्रेश टोकन, टोकनचा पत्ता, क्लायंट आयडी (ॲपची ओळख) आणि सीक्रेट द्या, अशा अर्थाचा. म्हणजे मुखत्यारपत्र कपाटात नव्हतंच.

कारण असं. गूगल रिफ्रेश टोकन देतं ते ‘ॲक्सेस टाइप ऑफलाइन’ मागितल्यावर, आणि तेही साधारणपणे पहिल्या संमतीला. काकींनी त्याच ॲपला आधीच संमती दिलेली होती, त्यामुळे दुसऱ्या खेपेला नुसतं ॲक्सेस टोकन आलं, रिफ्रेश टोकनचं खातं रिकामं. आमच्या कोडने ते रिकामं खातं इमानदारीने जुन्यावर लिहून टाकलं.

इथे दोन दुरुस्त्या हव्यात आणि दोन्ही हव्यात. पहिली: पुन्हा संमती मागताना ‘प्रॉम्प्ट कन्सेंट’ द्या, म्हणजे रिफ्रेश टोकन नव्याने मिळतं. दुसरी: साठवताना नवं रिफ्रेश टोकन आलं असेल तरच जुनं पुसा. नोडच्या (जावास्क्रिप्टच्या) लायब्ररीत ‘टोकन्स’ नावाची घटना ऐकून साठवणारेही हीच चूक करतात. त्या घटनेत रिफ्रेश टोकन प्रत्येक वेळी नसतं, आणि संपूर्ण नोंद बदलून टाकली की मुखत्यारपत्र केराच्या टोपलीत. ही अट एका ओळीची आहे, पण माझ्या पाहण्यातल्या प्रत्येक नव्या प्रोजेक्टात ती विसरली गेली आहे. माझ्या स्वतःच्या दोन प्रोजेक्टांत धरून.

साडेसहा तास, म्हणजे भारत

हा मात्र माझा लाडका बग आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

पासपोर्टच्या प्रती चढवणारी स्क्रिप्ट वेगळी होती, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली. ती लायब्ररीचं सेशन न वापरता क्रेडेन्शियल्समधून ॲक्सेस टोकन हाताने काढून हेडरमध्ये घालायची. सकाळी टोकन नवं असलं की पहिला तास काम व्हायचं, मग दुपारपर्यंत ४०१चा (‘ओळख पटली नाही’ या एररचा) पाऊस आणि मग अचानक सगळं आपोआप नीट. आपोआप बरा होणारा बिघाड मला सगळ्यात जास्त घाबरवतो, कारण तो कुणी शोधत नाही.

पायथनच्या लायब्ररीत क्रेडेन्शियल्सची ‘एक्स्पायरी’ म्हणजे टाइमझोन न लावलेली, पण यूटीसीतली (जागतिक प्रमाणवेळेतली) वेळ असते. आमच्या डेटाबेसमध्ये ती जाताना भारतीय वेळेत बदलत होती आणि परत येताना टाइमझोनचं शेपूट गळून पडत होतं. म्हणजे खरी मुदत यूटीसी ४:३०ला संपणार असेल तर लायब्ररीला दिसायचं १०:००. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तासाभराचं टोकन लायब्ररीला साडेसहा तासांचं वाटायचं. पहिला तास खरा, पुढचे साडेपाच तास मेलेल्या टोकनाचे. त्यानंतर लायब्ररीला ‘मुदत संपली’ असं वाटे, ती रिफ्रेश करे आणि सगळं आलबेल.

मेल वाचणारी मुख्य सेवा यातून का सुटली? कारण ती लायब्ररीचं स्वतःचं सेशन वापरत होती, आणि त्या सेशनला ४०१ मिळालं की ते रिफ्रेश करून पुन्हा प्रयत्न करतं. चुकीची एक्स्पायरी तिथे झाकली जात होती. टोकन हाताने बाहेर काढलंत की ही जाळी तुमची तुम्हाला विणावी लागते.

तपासायची सोपी रीत: टोकन मिळाल्या मिळाल्या ते साठवून डेटाबेसमधून परत वाचा आणि एक्स्पायरी आणि यूटीसीची आत्ताची वेळ यांची वजाबाकी छापा. उत्तर ३६०० सेकंदांच्या आसपास हवं. २३४०० च्या आसपास आलं तर तुमच्या डेटाबेसने वेळेला भारतीय केलं आहे. ऋण आलं तर उलट दिशेची गडबड, आणि मग प्रत्येक विनंतीला रिफ्रेश होत असणार. सेवा चालते पण विनाकारण संथ. आणखी एक: क्रेडेन्शियल्स हाताने बनवताना एक्स्पायरी दिलीच नाही, तर लायब्ररी टोकन कधीच संपलं नाही असं समजते. ‘नंतर बघू’ म्हणून ते खातं रिकामं सोडू नका.

वर्षातून एकदा

फोंड्याकडच्या एका देवस्थानाचं काम आमच्याकडे आहे. जत्रेच्या दिवसांत अभिषेक, पूजा, देणग्या यांच्या पावत्यांची नोंद शीटमध्ये जाते, बाकी वर्षभर शांतता. सलग दोन वर्षं जत्रेच्या आदल्या संध्याकाळी टोकन मेलेलं निघालं. समितीचे भाई म्हणाले, “दरवर्षी जत्रेला देव बसतो तसं तुमचं हे बसतं, फक्त खाली.”

६ महिने न वापरलेलं रिफ्रेश टोकन गूगल रद्द करतं. वर्षातून एकदा चालणाऱ्या कामाला हे टोकन टिकणारच नाही. महिन्यातून एकदा रिफ्रेश करणारा क्रॉन लावता येतो. काही जण लावतात. मला ते पटलं नाही. एका ठरावीक शीटमध्ये लिहायचं असेल तर माणसाच्या वतीने लिहायची गरजच काय? सर्व्हिस अकाउंट, म्हणजे माणसाचं नव्हे तर प्रोग्रामचं खातं, बनवलं, त्याच्या ईमेल पत्त्याला ती शीट संपादनाच्या हक्काने शेअर केली आणि मुखत्यारपत्राचा विषय संपवला. कॅलेंडरचंही असंच करता येतं. साध्या जीमेलच्या खात्यातले मेल वाचायला मात्र हा मार्ग नाही. सर्व्हिस अकाउंटने माणसाच्या वतीने मेल वाचायचे तर वर्कस्पेस हवं आणि ॲडमिनने डोमेनभर अधिकार सोपवायला हवेत. तिथे ‘अनऑथोराइज्ड क्लायंट’ आला तर आधी ॲडमिनच्या यादीतले स्कोप आणि कोडमधले स्कोप अक्षर अन् अक्षर जुळवून बघा.

काकींच्या कामाला हेच लागू पडलं असतं तर बरं होतं, पण त्यांचं सगळं साध्या जीमेलवर, आणि ते त्या बदलणार नाहीत. चालायचंच.

लाईट गेली की

पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाणं ही बातमी नसते. देवस्थानातलं छोटं रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), त्यात घड्याळाची बॅटरी नाही. लाईट येऊन ते उठतं तेव्हा शेवटची आठवलेली वेळ धरून उठतं, आणि राउटर जागा होऊन वेळ जुळेपर्यंत ते काही तास मागे जगत असतं. सर्व्हिस अकाउंट टोकन मागताना स्वतः सही केलेला जेडब्ल्यूटी (एक डिजिटल दाखला) पाठवतं. त्यात ‘केव्हा दिला’ आणि ‘केव्हा संपेल’ असतं, फार तर एका तासाच्या अंतराने. घड्याळ मागे असलं की सर्व्हर म्हणतो, हा तर कधीच संपला. एररचं नाव तेच, ‘इनव्हॅलिड ग्रँट’, पण सोबतच्या वर्णनात ‘इनव्हॅलिड जेडब्ल्यूटी’ आणि वेळेबद्दलचं वाक्य असतं. ते दिसलं की टोकनला हात लावू नका. घड्याळ जुळल्यावरच सेवा सुरू होईल अशी अट सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेत) घाला.

एमसॅल ही मायक्रोसॉफ्टच्या खात्यांसाठीची तशीच लायब्ररी. ती वापरणाऱ्यांना लाईट गेल्यावर वेगळाच त्रास होतो. पायथनच्या एमसॅलमध्ये टोकनांचा साठा मुळात मेमरीत असतो. प्रोसेस गेली की साठा गेला, आणि ‘अक्वायर टोकन सायलेंट’ (लॉगिन न मागता टोकन आणणारं फंक्शन) रिकाम्या हाताने परत येतं. सीरियलायझेबल टोकन कॅश वापरा आणि तिची स्थिती बदलल्याचा ध्वज वर असेल तेव्हा ती डिस्कवर, शक्यतो एन्क्रिप्ट करून, लिहा. तिथे रिफ्रेश टोकनची मुदत साधारण ९० दिवस असते, पण ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एकपानी ॲपला २४ तास. रोज सकाळी पुन्हा लॉगिन मागतं अशी तक्रार असेल तर ॲपची नोंद कुठल्या प्रकारात केली आहे ते आधी बघा.

ज्याला वेळच नाही

आता अवघड भाग. मरण्याला काहीच ताल नसेल तर टोकन बहुधा वयाने मरत नसून कुणीतरी मारत असतं. मारेकरी शोधायला लॉग उपयोगी नाही, माणसं विचारावी लागतात.

आमच्याकडे एकदा आम्हीच मारत होतो. एका गूगल अकाउंटला एका क्लायंट आयडीसाठी १०० रिफ्रेश टोकनांची मर्यादा आहे. १०१वं घेतलं की सगळ्यात जुनं, काही न सांगता, बाद. आमचा मुलगा काकींच्याच अकाउंटवर, तोच क्लायंट आयडी घेऊन, लॅपटॉपवर चाचण्या करत होता आणि वर सांगितलेला ‘प्रॉम्प्ट कन्सेंट’ मी त्याला इतका बजावला होता की प्रत्येक चाचणीत नवं टोकन निघत होतं. सगळ्यात जुनं टोकन कुठलं? प्रॉडक्शनमधलं, कारण तेच शहाण्यासारखं टिकून होतं. चाचणीसाठी वेगळा क्लायंट आयडी आणि वेगळं अकाउंट ठेवा. ‘प्रॉम्प्ट कन्सेंट’ फक्त रिफ्रेश टोकन हरवलं असेल तेव्हाच पाठवा.

दुसऱ्यांदा मारेकरी रिसेप्शनवरचा मुलगा निघाला, बिचारा. टॅबलेटवर त्याच्यासाठी एक पान होतं आणि त्यावर लॉगआउटचं बटण. ते बटण आम्ही नीटनेटकेपणाच्या हौसेने टोकन रद्द करण्याच्या पत्त्याला जोडलं होतं. ॲक्सेस टोकन रद्द करायला पाठवलं आणि त्याच्यामागे रिफ्रेश टोकन असेल, तर तेही रद्द होतं. पोरगा शिस्तीचा, ड्युटी संपली की लॉगआउट करून घरी जायचा आणि जाताना मागे सगळी सेवा झोपवून जायचा. ज्या रात्री दुसरा, आळशी मुलगा असे, त्या रात्री सगळं चालायचं. लॉगआउट म्हणजे आपलं सेशन पुसणं. टोकन रद्द करणं हे ‘माझं खातं तोडा’ या वेगळ्या बटणाचं काम, आणि ते बटण मालकाच्याच पानावर.

तिसरा मारेकरी पासवर्ड. टोकनात जीमेलचा स्कोप असेल तर खात्याचा पासवर्ड बदलल्यावर ते रद्द होतं. काकींचा नातू सुट्टीत आला की काकींचे पासवर्ड बदलून देतो. यावर उपाय नाही. नातवाला आमचा नंबर दिला आहे.

गूगल सोडून इतर काही सेवा दर रिफ्रेशला नवं रिफ्रेश टोकन देतात आणि जुनं बाद करतात. तिथे दोन वर्कर (एकाच सेवेच्या दोन चालू प्रती) एकाच क्षणी रिफ्रेशला गेले की एकाच्या हातात मेलेलं टोकन राहतं. रिफ्रेश करणारा एकच ठेवा, बाकीच्यांनी कुलूप सुटेपर्यंत थांबावं आणि साठ्यातून नवं वाचावं.

कोडमध्ये कायमचं काय बदललं

‘इनव्हॅलिड ग्रँट’ आला की आता पुन्हा प्रयत्न नाही. आधी आम्ही त्यालाही नेटवर्कच्या एररसारखं दर दोन मिनिटांनी ढोसत होतो. मेलेलं टोकन ढोसून उठत नाही, फक्त लॉग भरतो. टाइमआउट आणि ५००च्या घरातले एरर मात्र थांबत थांबत पुन्हा करायचे. इनव्हॅलिड ग्रँटला ते खातं ‘संमती हवी’ असं खुणावून ठेवतो, कामं रांगेत थांबतात आणि काकींना व्हॉट्सॲपवर लिंक जाते.

त्या लिंकचीही एक गोष्ट आहे. पहिल्यांदा इशाऱ्याचं पान दिसलं तेव्हा काकींनी फोन केला, “यात अनसेफ लिहिलंय, दाबू काय?” मी म्हटलं, “दाबा काकी, ते आम्हीच आहोत.” त्यांनी दाबलं. सेवा सुरू झाली, मेल आले, कॅलेंडर भरलं आणि पासपोर्ट मात्र एकही चढेना. टोकन ठणठणीत, रिफ्रेश होतंय, तरी ड्राइव्हकडून ४०३, परवानगी अपुरी.

तासभर मी टोकन उलटंपालटं केलं. मग काकींना विचारलं, त्या पानावर नक्की काय काय केलं? गूगल संमतीच्या पानावर प्रत्येक स्कोपसमोर चौकोन देतं आणि वापरणारा त्यातला एखादा रिकामा ठेवू शकतो. काकी म्हणाल्या, “मेल बरोबर, कॅलेंडर बरोबर. पण ते ड्राइव्ह म्हणजे माझे फोटो ना? ते तुला कशाला हवेत?”

बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. चूक आमची: पायथनची ओऑथ लायब्ररी मागितलेले आणि मिळालेले स्कोप वेगळे असले की इशारा देऊन थांबते, आणि तो त्रासदायक वाटतो म्हणून स्कोप सैल सोडणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (कोडबाहेरून द्यायची सेटिंग) आम्ही कधीचा चालू करून ठेवला होता. आता टोकन मिळाल्यावर मिळालेल्या स्कोपची यादी मागितलेल्या यादीशी ताडून बघतो आणि एखादा कमी असेल तर त्याच पानावर मराठीत लिहितो की तो कशाला लागतो. ड्राइव्हचा स्कोपही बदलला. आता आमच्या ॲपने बनवलेल्या फायलींपुरताच मागतो. काकींचे फोटो आम्हाला दिसत नाहीत, आणि हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी तिसरा चौकोन भरला.